वंशावळ आणि तिचा पुरावा



आपण धम्मदीक्षा घेतली आणि जुन्या नावाबरोबर लादलेला हीनपणा टाकून दिला, हे योग्यच झाले. परंतु त्या भरात घरातील जुने कागद कोणी फाडू वा जाळू नयेत, हे मला आज निक्षून सांगावयाचे आहे. ज्या शब्दाचा आपणांस तिटकारा, तोच शब्द कागदावर जपून ठेवावा लागतो. कायद्याची स्थिती अशी आहे.

१९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. तथापि आपले पूर्वज मूळचे त्या जातीचे होते व १० ऑगस्ट १९५० रोजी या प्रांतात राहत होते, हे दाखवावे लागते. २००० च्या महाराष्ट्र अधिनियमाच्या आठव्या कलमाने हा भार अर्जदारावरच टाकला आहे. मुलाच्या कॉलेजप्रवेशाच्या आठवड्यात धावाधाव करून तो भार उचलत नाही.

तेव्हा आजच एक जाड वही घ्या आणि घरातील सर्वांत वृद्ध माणसापाशी बसा. बहुधा ती आजी असते. प्रत्येक नावापुढे ते कोणी सांगितले व कोणत्या तारखेस, हे लिहा. सरकारी दप्तरात बायकांची नावे क्वचित सापडतात. म्हणून आजीचे माहेर अवश्य विचारा.

मग कागद. शाळेचा दाखला पुरेसा नाही. त्यामागील जनरल रजिस्टरचा उतारा घ्या. जन्ममृत्यूसाठी कोतवाल बुक पाहा. परंतु बापानंतर मुलगा अशी साखळी जोडून देणारा कागद म्हणजे फेरफारातील वारसनोंद होय. आपली जमीन बहुतेक वतनाची. ज्या वतनाच्या गुलामगिरीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणले, आणि जे पुढे १९५८ च्या कायद्याने गेले, त्याच वतनाचे दप्तर आज आपला भरवशाचा साक्षीदार आहे!

मुळशीकरांची अडचण निराळी. १९२१ साली येथे सत्याग्रह झाला, तरी धरण झालेच. अनेक गावे पाण्याखाली गेली आणि माणसे पांगली. अशा कुटुंबाने बुडालेल्या गावाचे जुने नाव, पेटा आणि पुढे जेथे वस्ती केली ते ठिकाण, तिन्ही एकत्र नोंदवावीत. जमीन नावावर असल्यास भूसंपादनाच्या निवाड्याची नक्कल मागावी. जुना कागद मोडीत असेल तर जाणकाराकडून बाळबोध प्रत करून घ्यावी, तिच्यावर त्याची सही घ्यावी व मूळ नक्कल सोबत ठेवावी.

आडनाव जुळत नसेल तर लेखणीने दुरुस्त करू नका. न जुळणारी नोंद प्रतिज्ञापत्राने समजावता येते. खाडाखोड झालेली नोंद चांगल्या कागदांवरही संशय आणते.

पौडच्या तहसील कचेरीत अर्ज देताना गाव, वर्ष व व्यक्तीचे नाव लिहा आणि पोच घ्या. दप्तर मिळत नाही असे तोंडी सांगितले, तर माहितीच्या अधिकाराखाली तेच लेखी मागा आणि ते उत्तरही वहीत चिकटवून ठेवा.