सहीच्या आधी



सप्टेंबर 1960 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात फ्रान्सिस केल्सी यांच्या टेबलावर एक अर्ज आला. नोकरीला लागून जेमतेम महिना झालेला; नवख्या बाईंना झेपेल असं सोपं प्रकरण म्हणून तो त्यांच्याकडे दिला होता. औषध होतं थॅलिडोमाइड, युरोपात धडाक्यात खपणारं. 60 दिवसांत हरकत घेतली नाही, तर ते बाजारात यायला मोकळं. केल्सीबाईंना सुरक्षिततेचे पुरावे कच्चे वाटले. त्यांनी हरकत घेतली, आणि मग घेतच राहिल्या. अर्जदार कंपनीने फोन, पत्रं, भेटी यांतून पन्नासेक वेळा पिच्छा पुरवला, वरिष्ठांचे कान भरले. बाई दर वेळी आणखी माहिती मागत. 1961 च्या अखेरीस उलगडा झाला: गर्भवतींनी घेतलेल्या या गोळीमुळे जगभरात 10,000 हून अधिक बाळं व्यंग घेऊन जन्मली होती. अमेरिकेला झळ लागली ती मुख्यतः चाचणीसाठी वाटलेल्या गोळ्यांची.

हा हट्ट आकाशातून पडला नव्हता. 1937 मध्ये एका पातळ सल्फा औषधाने अमेरिकेत शंभरावर माणसं मेली. त्याचं कारण शोधणाऱ्या शिकागोच्या प्रयोगशाळेत केल्सी तेव्हा विद्यार्थिनी होत्या. दोषी निघालं डायथिलीन ग्लायकॉल: बिनरंगी, चवीला गोड, मूत्रपिंडं निकामी करणारं. विकण्यापूर्वी त्या औषधाची विषारीपणाची चाचणीच झाली नव्हती.

तेच रसायन 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून आलं आणि 14 रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाच्या ताशेऱ्यांतून रुग्णालय सुटलं नाही, औषध प्रशासन सुटलं नाही, मंत्रीही सुटले नाहीत. तरी 2025 मध्ये छिंदवाडा भागातली 20 हून अधिक मुलं खोकल्याच्या औषधातून याच विषाने गेली. त्यांतल्या काहींवर नागपुरात उपचार चालले होते.

मुलं मारायची म्हणून कुणी औषध बनवत नाही. म्हणून तर हे जास्त भयंकर.

औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये रुजू होणाऱ्याला न तपासता सही करण्याची वेळ पहिल्याच महिन्यात गाठते. कच्च्या मालाचं पिंप आलंय, सोबत पुरवठादाराचं प्रमाणपत्र आहे. स्टोअरचा माणूस दारात उभा, प्रॉडक्शनचा फोन वाजतोय. ‘पार्टी जुनी आहे, मागचा माल पास झालाय, टाक सही.’ प्रमाणपत्रावरचे आकडे वहीत उतरवायला पाच मिनिटं पुरतात. नमुना काढून तो यंत्रावर चढवायचा तर अर्धा दिवस जातो. मालाला उशीर झाला की बोलणी खावी लागतात, न केलेल्या तपासणीबद्दल मात्र त्या दिवशी कुणी विचारत नाही. तिथे फार्माकोपिया पाठ असून भागत नाही. घरातून, गुरूंकडून, आपल्याच विचारातून माणसाने जे खरं मानलेलं असतं, ते त्या अर्ध्या दिवसात कामाला येतं किंवा येत नाही.

तेव्हा पिंप उघडा, नमुना घ्या, तपासा, मगच सही करा. आणि साहेब घाई करू लागले, तर त्यांच्याकडे तसा आदेश लेखी मागा.