कवीची सही

अठराव्या शतकात जर्मनी हा एकसंध देश नव्हता. तिथे शेकडो लहानमोठी संस्थाने होती. कुणाचा मुलूख मोठा, तर कुणाचा नुसताच तोरा मोठा. त्यांपैकी साक्सेन-वायमार हे एक चिमुकले संस्थान. लोकसंख्या सुमारे लाखभर आणि राजधानी वायमार म्हणजे जेमतेम सहा हजार वस्तीचे गाव.

१७५८ मध्ये तिथला ड्यूक वारला. त्याची पत्नी आना आमालिया तेव्हा अवघी अठरा वर्षांची होती. एक मूल कडेवर, दुसरे पोटात. तिने १७७५ पर्यंत राज्य सांभाळले. ग्रंथालयासाठी स्वतंत्र वास्तू सजवली आणि मुलाला शिकवायला वीलांट हा कवी नेमला. मुलगा कार्ल आउगुस्ट गादीवर आला आणि त्याने सव्वीस वर्षांच्या गटेला बोलावून घेतले. पुढे हर्डर आला, शिलर आला. माणसे जोडून हे संस्थान मोठे झाले.

मी कवी, त्यामुळे इथेच थांबावेसे वाटते. पण ड्यूकने गटेला नुसते दरबारी कवी म्हणून ठेवले नाही, कारभारात घेतले. खाणी, रस्ते, लष्कर यांची कामे त्याच्याकडे आली.

१७८३ मध्ये योहाना ह्योन नावाच्या अविवाहित मोलकरणीने आपले नवजात मूल मारले. अशा गुन्ह्याला देहदंडच असावा का, असे खुद्द ड्यूकने मंत्र्यांना विचारले. त्याचा कल शिक्षा बदलण्याकडे होता. गटेने मात्र इतर मंत्र्यांप्रमाणेच, देहदंड कायम ठेवावा, असे लेखी मत दिले. त्याच नोव्हेंबरात तिचा शिरच्छेद झाला.

‘फाउस्ट’मधली ग्रेटशेनही पोटचे मूल मारते आणि तुरुंगात मरणाची वाट पाहते. तिच्या व्यथेचे प्रसंग गटेने वायमारला येण्यापूर्वीच लिहिले होते. म्हणजे त्या मोलकरणीचे दुःख त्याला कळत नव्हते, असे कसे म्हणावे?

हाफिजच्या गझला वाचून १८१९ मध्ये स्वतःचा ‘दिवाण’ प्रसिद्ध करणारा गटे मला फार जवळचा. म्हणूनच त्याची ती सही सलते. वायमारची राजसत्ता १९१८ मध्ये संपली. कविता उरली आणि तो कागदही उरला. गटे वाचताना मी आता दोन्ही शेजारी ठेवतो.