सोनागाछीतला हिरवा कोट

1992 साली डॉ. स्मरजित जाना कोलकात्यातल्या सोनागाछी या वेश्यावस्तीत शिरले ते पाहणीसाठी. एचआयव्ही किती पसरलाय, हे त्यांना तपासायचं होतं. तिथल्या स्त्रियांना मात्र घोर होता मुलांच्या शाळेचा, सावकाराच्या व्याजाचा, पोलिसांच्या जाचाचा. जानांनी तो ऐकून घेतला आणि कंडोमचा प्रचार त्या स्त्रियांवरच सोपवला. हिरवा कोट घालून त्या दारोदार जाऊ लागल्या. 1995 मध्ये त्यांची दुर्बार महिला समन्वय समिती उभी राहिली, बचत-कर्जासाठी उषा सहकारी संस्थाही निघाली. त्या दशकात मुंबईत तपासणी झालेल्या निम्म्याहून अधिक वेश्या बाधित निघत होत्या. सोनागाछीतलं प्रमाण त्याच्या कितीतरी खाली राहिलं.

ऐकून घेण्याचं हे काम आज प्रत्येक दवाखान्यात करावं लागतं, कारण रुग्ण आधी येतो तो गल्लीतल्या डॉक्टरकडेच. तिशीतल्या माणसाला नागीण होते. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर दिसतो. जुलाब महिनाभर थांबत नाहीत, क्षयरोग उलटतो. अशा वेळी समजावून, संमती घेऊन एचआयव्हीची चाचणी करायला हवी. लागणीनंतर दोन ते चार आठवड्यांनी येणारा ताप, घसादुखी, पुरळ साध्या फ्लूसारखे भासतात. तेव्हा चाचणी निगेटिव्ह आली, तरी ती पुन्हा करावी लागते.

सरकारी एआरटी केंद्रांत एचआयव्हीची औषधं 2004 पासून मोफत आहेत. 2017 पासून सीडी4 पेशींची संख्या कितीही असो, निदान होताच उपचार सुरू होतात. बहुतेकांना रोज एकच गोळी पुरते. रक्तात विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. बाधित आईने वेळेवर औषधं घेतली, तर बाळही बहुतेक वेळा लागणीपासून वाचतं.

चिठ्ठी लिहिताना मात्र जपायला हवं. रोजच्या त्या गोळीतलं डोल्युटेग्रॅविर अँटासिडसोबत घेतलं, तर रक्तात नीट उतरत नाही. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन चालू असेल, तर डोल्युटेग्रॅविरची दिवसाला आणखी एक मात्रा लागते.

आणि रुग्णाला वापरलेली सुई आपल्याला टोचली तर? जखम दाबू नये, साबण-पाण्यानं धुवावी. प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा 72 तासांत सुरू करून 28 दिवस घ्यावं.

रुग्णाचं नाव गुप्त ठेवणं 2017 च्या कायद्यानं बंधनकारक आहे. कुणाला विचारायचं असेल, तर 1097 हा क्रमांक मोफत आहे; दवाखान्याच्या भिंतीवर तो मोठ्या अक्षरांत लावता येईल.