बंदुकीची निगा आणि तेलाची निवड

(शेतीसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना असलेल्या शेतकऱ्यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पावसाळा तोंडावर आला की सत्तरी, सांगे, काणकोण या बाजूची मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात : बंदुकीला कोणते तेल लावावे? प्रश्न साधा आहे. परंतु त्यामागे एक चुकीची समजूत दडलेली आहे. तेल उत्तम असले म्हणजे बंदूक गंजत नाही, ही ती समजूत होय. वस्तुतः तेल लावण्यापूर्वी नळीत काय शिल्लक राहिले आहे, यावर सारे अवलंबून असते.

आपल्यापैकी अनेकांकडे ठासणीची बंदूक आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पिकांच्या रक्षणाकरिता अशा बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. (बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची मुभा नव्हे, त्यासाठी १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम पाहावा लागतो, हे जाता जाता सांगून ठेवतो.) या बंदुकीत वापरली जाणारी काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. बार उडाल्यावर ती सारी धूर होऊन जाते असे आपणांस वाटते. प्रत्यक्षात तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन क्षारांच्या रूपाने उरतो. त्यातील काही धुरावाटे बाहेर पडतो आणि बाकीचा नळीला आतून चिकटून बसतो. हे क्षार हवेतील ओल शोषून घेतात. आपल्याकडील आषाढातल्या हवेत एका रात्रीतही नळीत गंज धरू लागतो.

आता मिठात तेल ओतले तर मीठ विरघळते काय? स्वयंपाकघरातील कोणीही याचे उत्तर देईल. क्षारांवर तेल ओतल्याने क्षार निघत नाहीत. ते तेलाखाली झाकले जातात आणि लोखंड आतल्या आत खात राहतात. म्हणून काळ्या दारूच्या बंदुकीचे पहिले औषध पाणी होय. पाण्याला भिऊन केवळ तेलावर भिस्त ठेवणाऱ्यांच्याच बंदुका अधिक लवकर खराब होतात.

ब्रिटिश अमदानीतील लष्करालाही ही गोष्ट ठाऊक होती. ३०३ रायफलीत काळी दारू नव्हती. पण तिच्या काडतुसाच्या टोपीतील रसायनापासून मिठाच्याच जातीचा एक क्षार उरत असे. म्हणून गोळीबारानंतर नरसाळ्याने नळीत उकळते पाणी ओतण्याचा शिरस्ता होता. दोरीने ओढावयाची चिंधी आणि तेल यांचा क्रम त्यानंतर येई.

मात्र पाणी ओतण्याच्याही आधी एक काम आहे, आणि ते मी हात जोडून सांगतो. बंदूक रिकामी असल्याची खात्री करा. काडतुशी बंदूक उघडून पाहता येते; ठासणीची बंदूक बाहेरून पाहून काहीच कळत नाही. गज नळीत तळापर्यंत घाला, तोंडाशी बोटाने खूण धरा आणि तो बाहेर काढून नळीच्या बाजूने लावून पाहा. गज कानापर्यंत पोहोचत नसेल तर आत बार आहे असे समजा, आणि साफसफाईला हात न लावता जाणत्या कारागिराकडे जा. आपण स्वतः बार भरला नव्हता, एवढ्यावर विसंबू नका. घरात वडील असतात, भाऊ असतो, मुलगाही असतो.

खात्री झाल्यावर नळी सुटी होत असल्यास ती दस्त्यापासून वेगळी करावी. थोडा साबण घातलेले गरम पाणी नळीतून खेळवावे आणि चिंधी पांढरी निघेपर्यंत धुवावे. शेवटचे पाणी कढत असावे. त्याने लोखंड तापते आणि आतील ओल लवकर सुकते. मग कोरड्या चिंध्या फिरवाव्यात. तेलाची पाळी त्यानंतर.

काडतुशी बंदुकीची गोष्ट निराळी. आजच्या काडतुसांतील धूररहित दारूचा मळ काजळीसारखा असतो. शिवाय शिशाचा आणि प्लास्टिकचा थर बसतो. हा मळ पाण्याने निघत नाही. तेथे मळ सोडविणारे तेल व पितळी तारेचा ब्रश लागतो. घासलेटानेही काम भागते. परंतु घासलेट हे धुण्याचे द्रव्य आहे, राखणदार नव्हे. ते उडून गेले की लोखंड उघडे पडते. त्याचा वापर चुलीपासून आणि दारूपासून दूर करावा.

आता तेलांकडे वळू. आपल्या घरी सहज सापडते ते खोबरेल. ते खवट झाले की त्यात आम्ल वाढते, आणि सुमारे २४ अंशांखाली ते थिजते. घाटाच्या पायथ्याशी पौषातल्या रात्री ते घोड्याच्या यंत्रात गोठले तर घोडा मंद पडतो आणि टोपी फुटत नाही. जवसाचे तेल लाकडी दस्त्याला उत्तम, कारण ते सुकून कवच धरते. याच गुणामुळे ते यंत्रात घातल्यास डिंकासारखे चिकटते. मोटारीतून काढलेले जळके तेल फुकट मिळते, पण त्यात आम्ल आणि धातूचा कीस असतो. ते वापरू नये.

चाप, घोडा, कमानी यांना शिवणयंत्राचे पातळ खनिज तेल पुरते, आणि तेही थेंबाने. काडतुशी बंदुकीच्या बिजागरीच्या खिळीवर दाब पडतो, म्हणून तेथे बोटाच्या टोकाने किंचित ग्रीस लावावे. नळीला आतबाहेर खनिज तेलाचा पातळ हात द्यावा. पावसाळाभर बंदूक वापरावयाची नसेल तर थोडे दाट तेल चालेल.

येथे शिक्षक मंडळींना रुचेल अशी एक गोष्ट. काडतुसांच्या चरबीवरून १८५७ साली काय घडले हे सर्वश्रुत आहे. ती चरबी लावीत कशासाठी, हे मात्र वर्गात क्वचितच सांगितले जाते. नळीत घट्ट बसणारी गोळी सहज सरकावी आणि दारूचा मळ मऊ राहावा, हा तिचा उपयोग. हे काम मेण आणि वनस्पती तेल यांच्या मिश्रणानेही होते. खनिज तेल मात्र काळ्या दारूबरोबर जळले की डांबरासारखे चिकट होते. म्हणून ठासणीची बंदूक भरण्यापूर्वी साठवणीचे तेल कोरड्या चिंधीने पूर्ण पुसून काढावे. कानाचे भोकही मोकळे आहे ना ते पाहावे. तेथे तेल राहिले तर दारू भिजते, आणि बार उडत नाही किंवा क्षणभर थांबून उडतो. तो थांबलेला क्षण फार घातक असतो. न उडालेली बंदूक सुरक्षित दिशेला रोखूनच धरावी, तोंडाशी जाऊन पाहू नये. काडतुसांनाही तेलाचा हात लागू देऊ नये; टोपीत तेल झिरपल्यास काडतूस फुकट जाते.

तेल अधिक झाले म्हणजे निगा अधिक झाली, असे नाही. बंदूक उभी ठेवली की जादा तेल खाली उतरते, दस्त्याच्या मानेत मुरते आणि लाकूड भुसभुशीत करते. शक्य तर नळीचे तोंड खाली करून ठेवावी. कापडी वा चामड्याच्या गवसणीत महिनोन् महिने ठेवू नये, कारण गवसणी ओल धरते. कुलुपाच्या कोरड्या कपाटात ठेवून पावसाळ्यात दर पंधरवड्यास चिंधीने पुसावी.

निवडणुकीच्या सुमारास शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश अनेकदा निघतात, आणि मग बंदूक कित्येक आठवडे आपल्या हाती नसते. जमा करण्याच्या आदल्या दिवशी ती धुऊन, सुकवून, तेलाचा हात देऊन न्यावी. परत मिळताच प्रथम गज घालून पाहावा, आणि मगच घरी न्यावी.