परदेशचा रंगमंच आणि पोडावरची दंडार

(यवतमाळ येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजच्या विषयाचे नाव फळ्यावर वाचून आपल्यापैकी काहीजण बुचकळ्यात पडले असतील. कापसाचा भाव, पीकविमा, वनहक्काचे दावे हे सारे समोर पडलेले असताना जपानी नाटकवाल्यांचे येथे काय काम, असे एका साथीने सकाळी चहाच्या वेळीच मला विचारले. प्रश्न रास्त आहे. कापूस पिकवतो आपण आणि त्याची प्रत व किंमत ठरविणारा बसतो दूर कोठेतरी, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. कलेच्या बाबतीत हाच व्यवहार कसा चालतो, तो मात्र आपण क्वचितच तपासतो. कला परदेशी जाते तेव्हा ती कोणाच्या इच्छेने जाते, कोणत्या रूपात जाते आणि ती जिवंत ठेवणारा माणूस मागे कोणत्या अवस्थेत राहतो, एवढेच मला आज विचारायचे आहे. जपानचे उदाहरण यासाठी घेतो की, या व्यवहाराचे बरेवाईट दोन्ही अनुभव त्या देशाने आपल्या आधी घेतले आहेत.

कावाकामी ओतोजिरो हा नट मुळात राजकीय कार्यकर्ता होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानात लोकहक्कांची जी चळवळ झाली, तिच्यात तो वाढला. सरकारवर टीका करणारी, मंत्र्यांची आणि नवश्रीमंतांची टर उडविणारी गाणी तो रंगमंचावरून गाई आणि त्यापायी त्याने अनेकदा तुरुंग पाहिला. आपल्या कलापथकांतील शाहिरांचाच हा भाऊबंद म्हणा ना. १८९९ साली हा गृहस्थ पत्नी सादायाक्को हिला आणि काही नटांना घेऊन अमेरिकेला गेला. सॅन फ्रान्सिस्कोत व्यवस्थापकाने पैसे घेऊन पोबारा केला, मंडळी उपाशी राहिली आणि पुढे दौऱ्यातच दोन नटांचा अंत झाला. १६२९ च्या बंदीपासून जपानी रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुषच करीत आले होते. अमेरिकेतील प्रेक्षकांना मात्र स्त्री हवी होती, म्हणून सादायाक्को रंगमंचावर उभी राहिली आणि पाहता पाहता मंडळीचे मुख्य आकर्षण ठरली.

१९०० साली हीच मंडळी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात लोई फुलर या नर्तकीच्या नाट्यगृहात खेळ करू लागली. जपानी माणूस म्हणजे पोट फाडून घेणारा सामुराई, अशी पाश्चात्त्य प्रेक्षकाची समजूत. फुलरबाईंनी आग्रह धरला की, नाटकात हाराकिरी पाहिजे. कथेला गरज असो वा नसो, हाराकिरी आली. भाषा कोणाला कळत नव्हती म्हणून संवाद कापले गेले. नाच, मारामारी आणि मरण तेवढे उरले. पॅरिसने टाळ्यांचा कडकडाट केला. ज्याने सत्तेपुढे आपले गाणे बदलले नाही, त्याने तिकीट काढणाऱ्यापुढे आपले नाटक बदलले. मी त्याला दोष देत नाही. उपाशी माणसाला अटी घालता येत नाहीत. पण बाजाराची सेन्सॉरशिप पोलिसांच्या सेन्सॉरशिपहून अधिक गोड बोलते, हे आपण लक्षात ठेवावे. सगळेच दौरे असे झाले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. १९२८ साली दुसरा इचिकावा सादान्जी काबुकी घेऊन मॉस्को व लेनिनग्राडला गेला, तेव्हा आयझेनस्टाइनसारखा चित्रपटकार त्या प्रयोगांकडून शिकायला बसला होता.

आता दुसरी बाजू. ओसाकाची बुनराकु ही बाहुल्यांची रंगभूमी आहे. एका बाहुलीला तीन माणसे लागतात. पाय चालविण्यात दहा वर्षे, डाव्या हातात दहा वर्षे आणि मग कोठे मुख्य चालकाची पायरी, असे तेथील शिक्षण सांगितले जाते. ही कला १९०९ पासून शोचिकू या खाजगी कंपनीच्या मालकीची होती. दुसऱ्या महायुद्धानंतर कलावंतांनी चक्क कामगार संघटना काढली. कंपनीशी बिनसले, मंडळीत फूट पडली. संघटनेचे लोक एकीकडे, कंपनीसोबत राहिलेले दुसरीकडे, आणि एकत्र वाढलेले कलावंत वेगवेगळे खेळ करू लागले. संघटनेच्या मंडळींनी फार हाल सोसले. अखेर १९६३ मध्ये शोचिकूने अंग काढून घेतले आणि सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या एका संस्थेखाली दोन्ही गट पुन्हा एकत्र आले. १९८४ मध्ये ओसाकात बुनराकुचे राष्ट्रीय नाट्यगृह उभे राहिले.

त्याआधीच, १९५० साली, जपानने सांस्कृतिक संपत्तीच्या रक्षणाचा कायदा केला होता. इमारती-मूर्तींबरोबर माणसाच्या अंगी असलेले कौशल्य हीही राष्ट्राची संपत्ती आहे, हे त्या कायद्याने मान्य केले. १९५५ पासून अशा कौशल्याच्या धारकांची नावे जाहीर होऊ लागली. लोक त्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणतात. त्यांना वर्षाला वीस लाख येन मिळतात, ते स्वतःची साधना आणि शिष्यांचे शिक्षण चालविण्यासाठी. परदेश दौऱ्यांची व्यवस्था पाहणारे जपान फाउंडेशन स्थापन झाले ते १९७२ साली, म्हणजे नंतर. आधी घर सावरले, मग पाहुण्यांना बोलावले. अर्थात तेथेही सारे आलबेल नाही. २०१२ मध्ये ओसाकाच्या महापौरांनी बुनराकुचे अनुदान रोखण्याची भाषा केली आणि प्रेक्षक वाढवून दाखवा, असे कलावंतांना सुनावले. हिशेबनीस सगळ्या देशांत सारखेच!

प्रायोगिक रंगभूमीचे एक उदाहरण देतो. सुझुकी तादाशी या दिग्दर्शकाने १९७६ मध्ये टोकियो सोडले आणि तोयामा प्रांतातील तोगा या डोंगराळ खेड्यात, गवताने शाकारलेल्या जुन्या घरात आपले नाट्यगृह थाटले. १९८२ पासून तेथे आंतरराष्ट्रीय नाट्यमहोत्सव होऊ लागला. परदेशच्या रंगकर्मींना डोंगर चढून त्या खेड्यात यावे लागले. मला ही गोष्ट फार आवडते. पण तिच्यावर भाळूनही जाऊ नये. तोगात जे नाटक रुजले ते राजधानीतून आलेले होते, गावकऱ्यांनी स्वतःच्या अंगणात वाढविलेले नव्हते.

आपल्याकडे या विषयाचा सर्वांत मोठा गाजावाजा झाला तो 'घाशीराम कोतवाल'च्या वेळी. विजय तेंडुलकरांचे हे नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात रंगमंचावर आले. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकर यांचे. कीर्तन, खेळे, दशावतार, तमाशा अशा आपल्याच मातीतल्या रूपांतून त्याची बांधणी झाली होती आणि माणसांचीच भिंत पडद्याचे काम करीत होती. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेच्या चालकांनी ते बंद केले. मग कलावंतांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी स्थापन करून ते पुन्हा उभे केले. १९८० मध्ये ते युरोपच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा नाना फडणविसांची परदेशात बदनामी होणार म्हणून वादळ उठले. गंमत पाहा. हे नाटक महाराष्ट्रात सहा वर्षे चालू होते, तेव्हा ते जेवढे खुपले नाही तेवढे विमानतळाच्या वाटेवर खुपले! गोऱ्या माणसासमोर आपले घर झाडून पुसून दाखविले पाहिजे, ही वसाहतीच्या काळातली लाज स्वराज्यानंतरही गेली नव्हती. पॅरिसने हाराकिरी मागितली, आपण शोभायात्रा मागितली. दोन्हीकडे सत्य नकोच होते.

शोभायात्रेला तर पुढे राजमान्यताच मिळाली. १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९८५-८६ मध्ये अमेरिका व फ्रान्समध्ये भारत महोत्सव झाले. १९८५ मध्ये वॉशिंग्टनला गेलेल्यांत दिल्लीच्या शादीपूर डेपोजवळच्या वस्तीतील भटके कलावंतही होते. तेथे ते देशाचे सांस्कृतिक दूत होते. मायदेशी मात्र भीक मागण्यास प्रतिबंध करणारा १९५९ चा मुंबई कायदा त्यांच्या मानेवर होता, कारण त्या कायद्याने सार्वजनिक जागी गाऊन, नाचून, खेळ करून पैसे मागणे हे भिकेतच मोजले आहे. हा कायदा दिल्लीचा नव्हे, आपल्या राज्याचा. दिल्लीने तो उसना घेतला. तेथील उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याची प्रमुख कलमे रद्द केली, पण त्याआधीच, २०१७ मध्ये, ती कठपुतळी वसाहत पाडली गेली होती. आपल्या गावात येणारा बहुरूपी, डोंबारी, गोपाळ यांच्याकडे पाहताना ही गोष्ट आठवावी.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर दिवाळीच्या सुमारास गोंड-कोलामांची दंडार निघते. मोरपिसांचा भव्य टोप, अंगावर कातडे, हातात काठी घेतलेला घुसाडी त्या दिवसांत स्नान करीत नाही, कारण तो तेव्हा नट नसतो, देवाचा असतो. एका गावची दंडार दुसऱ्या गावी जाते, यजमान गाव जेवू घालते, रात्र नाचून काढतात, पुढे त्याची परतफेड होते, सोयरिकीही जुळतात. म्हणजे ही गावागावांतली देवघेव आहे. पलीकडच्या तीरावरील मार्लवाईचे कनक राजू यांनी १९८१ च्या प्रजासत्ताकदिनी घुसाडी दिल्लीला नेली आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये ते गेले. त्यांचा सन्मान योग्यच झाला. पण सरकारी मंचावर दंडारीला वाट्याला येतात काही मिनिटे, आणि त्या मिनिटांत यजमान गाव मावत नाही.

आणि नवे नाटक? तेही येथे आहे. शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या स्त्रियांनीच उभे केलेले 'तेरवं' हे श्याम पेठकर लिखित, हरीश इथापे दिग्दर्शित नाटक विदर्भाने पाहिले आहे. त्यात काम करणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील वैशाली येडे यांनी जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ९२ व्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन केले. नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण आयोजकांनी मागे घेतल्यामुळे ती वेळ आली, हेही विसरू नये. उद्या हे नाटक टोकियोला गेले तर मला आनंदच होईल. मात्र त्यातील एकही वाक्य पाहुण्यांच्या सोयीसाठी गळता कामा नये आणि मानधनाचा करार त्या स्त्रियांच्या हाती असला पाहिजे.

राज्य शासनाची वृद्ध साहित्यिक व कलावंत मानधन योजना १९५४-५५ पासून चालू आहे. तिच्यासाठी कलेच्या कामाचा पुरावा जोडावा लागतो. ज्याने चाळीस दिवाळ्या दंडार नाचविली, त्या पोडावरच्या म्हाताऱ्याकडे प्रमाणपत्र कोठून असणार? त्याचा पुरावा म्हणजे ज्या गावांनी त्याला जेवू घातले ती गावे. अशा गावांच्या ग्रामसभांचे ठराव अर्जाला जोडावेत आणि जिल्हा समितीने ते मान्य करावेत, अशी मागणी आपण लावून धरू. येत्या दिवाळीपूर्वी पोडापोडांवर जाऊन वृद्ध कलावंतांची नोंद करायची आहे. झरी-जामणी, केळापूर, घाटंजी आणि मारेगाव या तालुक्यांची वाटणी दुपारच्या बैठकीत होईल. ज्यांना कोलामी किंवा गोंडी येते त्यांनी आपली नावे जेवणापूर्वी द्यावीत.