आंब, अळी आणि आपण



व्हाइटफील्डला आयटी पार्कच्या शेजारी अळीवर परिषद भरवता का, असे मला काहींनी हसून विचारले. त्यांना एवढेच सांगतो की १८८२ मध्ये म्हैसूरच्या चामराज वोडेयर महाराजांनी अँग्लो-इंडियन समाजाच्या संस्थेला इथली सुमारे ३,९०० एकर जमीन दिली, ती शेतीची वसाहत करण्यासाठीच. व्हाइटफील्डचा जन्मच शेतीसाठी झाला आहे.

पहाटे हरभऱ्याच्या शेतातून गेल्यावर पाय कसे चुरचुरतात, हे शेतकरी घरातून आलेल्यांना सांगायला नको. रात्री पिकावर धोतर पसरायचे, सकाळी पिळून आंब बाटलीत भरायची आणि पोटदुखीला थेंब-थेंब द्यायची, ही आपली जुनी रीत. ही आंब म्हणजे पानांवरच्या लवेतून पाझरणारी आम्ले, मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक. त्यातले ऑक्झॅलिक आम्ल घाटेअळीची वाढ खुंटवते, हे हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमधल्या संशोधनातून १९९५ मध्ये पुढे आले. आपण ज्याला औषध म्हणत होतो, ते झाडाने स्वतःसाठी करून ठेवले होते.

असे असूनही घाटेअळी हरभरा फस्त करते. ती कशी, हे समजून घेण्यासाठी मी आपल्याला पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत नेतो. प्रभाकर रांजेकर, विद्या गुप्ता, अशोक गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अळीचे आतडेच तपासायला घेतले. दाणा खाल्ल्यावर प्रथिने पचवायला अळीला विकरे लागतात, आणि ती विकरे अडवणारी रोधक प्रथिने हरभरा आपल्या दाण्यात ठेवतो. रोधक चालले तर अळी भरल्या पोटी उपाशी राहते. पण १९९८ मध्ये या गटाने दाखवले की घाटेअळीच्या आतड्यातली विकरे हरभऱ्याचे हे रोधकच तोडून टाकतात. यजमानाच्या घरच्या कुलपाची किल्ली पाहुण्याने केव्हाच करून घेतली होती.

पुढच्याच वर्षीचा त्यांचा निबंध मला अधिक मोलाचा वाटतो. हरभरा, तूर आणि कापूस ही अळीची नेहमीची पिके. भुईमूग, चौधारी वाल आणि बटाटा यांच्याकडे ती सहसा जात नाही. या दुसऱ्या गटाच्या रोधकांनी अळीची वाढ जास्त रोखली, कारण त्यांच्याशी तिच्या आतड्याची ओळखच नव्हती. मात्र ओळख व्हायला वेळ लागत नाही. रोधक पोटात गेला की अळी त्याला न जुमानणारी वेगळी विकरे तयार करू लागते. म्हणून रोधक एकामागून एक बदलत वापरावे लागतील, असे त्या निबंधाच्या शीर्षकातच म्हटले आहे. पुढे कारल्याच्या बियांतले रोधकही याच अळीवर प्रभावी ठरले. कारल्याच्या वाट्याला एकदाचे काही कौतुक आले!

एकाच उपायावर विसंबू नका, हे सुचवणारे ते शीर्षक १९९९ चे. आपल्याकडे बीटी कपाशीला परवानगी मिळाली मार्च २००२ मध्ये, एका जनुकावर. २००६ मध्ये दुसरे जनुक आले. हिरव्या बोंडअळीपासून, म्हणजे कपाशीवरच्या याच घाटेअळीपासून, बीटीने शेतकऱ्याला सोडवले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण अळी बीटीला सरावू नये म्हणून बियाण्यासोबत आलेली बिगर-बीटीची पुडी अनेकांनी बांधावर फेकली, विक्रेत्यांनी ती पेरण्याचा आग्रह धरला नाही, आणि २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरून काढली. माझे मत स्पष्ट आहे: जनुकाने दगा दिला नाही, एकाच हत्यारावर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांनी दगा दिला.

झाड अशी भिस्त ठेवत नाही. देशी कपाशीच्या लवदार पानांवर तुडतुड्यांचे फारसे चालत नाही, आणि कपाशीच्या अंगभर गॉसिपॉल या विषाच्या ग्रंथी असतात. सरकी खाण्याजोगी व्हावी म्हणून गेल्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत ग्रंथी नसलेली कपाशी तयार केली गेली. तिच्यावर कीटक तुटून पडले. टेक्सासमध्ये कीर्ती राठोड यांनी २००६ मध्ये फक्त सरकीतले गॉसिपॉल कमी केले आणि पाना-बोंडांतले शाबूत ठेवले. वाण घडवणाऱ्याने झाडाचा असा मान राखावा.

काही झाडे तर राखणदारही ठेवतात. इथल्याच भारतीय विज्ञान संस्थेत रेनी बोर्जेस यांच्या गटाने सह्याद्रीतल्या ह्युम्बोल्टिया ब्रुनोनिस या झाडाचा अभ्यास केला. हे झाड पोकळ फुगीर पेरांत मुंग्यांना घर देते, वर मधुरसही. मात्र योग्य जातीच्या मुंग्या राहायला आल्या तरच संरक्षण मिळते, नाही तर नुसतेच भाडेकरू! एका झाडाची संरक्षणव्यवस्थाही गावोगावी वेगळी निघते, मग एकाच वाणाची शिफारस साऱ्या राज्याला कशी लागू पडेल?

म्हणून दोन मागण्या करतो. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांनी वाणाची माहिती देताना उताऱ्याच्या आकड्याशेजारी, फवारणीशिवाय तो वाण किती टिकला हा आकडा तितक्याच ठळक अक्षरांत छापावा.

दुसरी मागणी आपणा सर्वांकडे. पुण्यात झालेले ते काम अमेरिकेतल्या नियतकालिकात इंग्रजीत छापून आले. ते योग्यच झाले. पण घाटेअळी ज्याच्या शेतात आहे, त्याच्यापर्यंत ते पोहोचायला हवे होते. या परिषदेच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकाने आपल्या कामाची दोन पाने मराठीत लिहून द्यावीत, आणि ज्या प्रयोगात अळी जिंकली तोही वगळू नये.