तबकडीवरचं बारीक नाव

'बरसात' १९४९ सालचा. त्यातली गाणी तोंडपाठ असलेले श्रोते कर्जत-खालापुरात घरोघर सापडतील. राज कपूर, लता, शंकर-जयकिशन ही नावं ते धडाधड सांगतील. गिटार कोणाची, असं विचारलं की मात्र सगळे आढ्याकडे बघतात.

व्हॅन शिप्ले यांची!

शिप्ले १९२७ साली लखनौत जन्मले. अल्लाउद्दीन खाँसाहेबांची तालीम मिळालेले, व्हायोलिनवरही तितकाच हात. मुंबईत आले आणि मुंबईचेच झाले. आठ तारांची इलेक्ट्रिक गिटार त्यांनी आपल्या सोयीनं घडवून घेतली. सिनेमातली गाणी नुसत्या गिटारवर वाजवलेल्या त्यांच्या तबकड्या एचएमव्हीनं काढल्या; काहींत जोडीला पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांचं ॲकॉर्डियन. लग्नाच्या मांडवात त्या वाजल्या, लोकांनी ताल धरला, नाव कोणी वाचलं नाही. २००८ साली शिप्ले गेले.

शिप्लेंची गिटार हवाईयन धाटणीची. ती मांडीवर आडवी ठेवतात आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून फिरवतात. हवाई बेटांवरच्या जोसेफ केकुकूनं ही रीत रुळवली.

साधी गिटार म्हणजे आपली खोपोली लोकल. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी. पडद्यांवर ठरलेली स्टेशनं. केळवली-डोलवलीच्या मध्ये तुमचं शेत असलं तरी गाडी तिथं थांबायची नाही. हवाईयन गिटार म्हणजे हात दाखवला की थांबणारी टमटम. आपल्या संगीतातली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, राहते ती नेमकी त्या मधल्या शेतावर. पण टमटमवाला कसलेला हवा. थांब्याला पाटी नाही. बोटभर पुढं गेला की सूर हुकला. असा कसलेला हात बिननावाचा राहावा, हे काही बरं नाही.

जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा ही टमटम थेट रागदारीत घेऊन गेले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची १९६७ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी पुष्कळांनी ऐकलेली असते. संतूर, बासरी ओळखतात, तिसरं वाद्य मात्र... असो, काब्रांना वेगळी पंधरा मिनिटं लागतील आणि इथं घड्याळ पुढं पळतंय.

तेव्हा पुन्हा तेच. माळ्यावरच्या तबकड्या भंगारवाल्याला देण्याआधी एकदा पुसा, चष्मा लावा आणि सिनेमाच्या नावाखाली बारीक अक्षरात कोण आहे ते मोठ्यानं वाचा. घरातल्या पोरांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.